दिवाडी बेटावर निवांतपणे पाहण्यासारखे काय आहे?

आडवाट_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे गोव्याला येत आहोत. उत्तर गोव्याचे किनारे, मंगेशी, शांतादुर्गा आणि जुन्या गोव्यातील मोठी चर्चे आमची पूर्वी पाहून झाली आहेत. या वेळी गर्दी, कर्णकर्कश संगीत आणि छायाचित्रांसाठी लागणाऱ्या रांगा यांपासून दूर, एखाद्या लहानशा बेटावर दोन दिवस घालवावेत असा विचार आहे. मांडवी नदीतील दिवाडी बेटाचे नाव अनेकांनी सुचवले, परंतु त्याविषयी जे काही वाचायला मिळाले त्यात 'येथे काळ थांबला आहे' यापलीकडे फारसे काही नव्हते. तेथे उतरल्यावर नेमके काय पाहायचे, हे कोणीच सांगत नाही.

आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. सपाट रस्त्यावर ती सावकाश चालते, मात्र पायऱ्या चढणे तिला अवघड जाते. तिला देवळांची आणि इतिहासाची आवड आहे, यजमानांना पक्षी पाहायचे असतात आणि मला जुन्या घरांचे आकर्षण आहे. या तिन्ही गोष्टी दिवाडीवर जुळून येतील का, की त्यापेक्षा शेजारचे चोडण बेट बरे? बेटावर मुक्काम करावा, की पणजीत राहून येऊन-जाऊन पाहावे? गाडी फेरीबोटीतून नेता येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मांडवीकाठ

आपण ज्या आठवड्यात येत आहात, त्याविषयी आधी सांगतो, कारण बाकीचे नियोजन त्यावर अवलंबून राहील. ३ डिसेंबर रोजी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असते आणि त्याआधीचे नऊ दिवस तेथे नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात. त्या काळात जुन्या गोव्याचा परिसर माणसांनी आणि वाहनांनी भरून जातो, आणि दिवाडीची सर्वांत परिचित फेरीबोट नेमकी तेथूनच, व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाकडून सुटते. तेव्हा ३ तारखेपर्यंत पणजी आणि जुने गोवे यांच्या मधल्या रायबंदरच्या धक्क्यावरून बेटावर जावे. त्यानंतर जुन्या गोव्याची बाजू मोकळी होते. फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या आहेत, त्यांत चारचाकी गाडी सहज चढवता येते, पायी जाणाऱ्यांना तिकीट लागत नाही आणि नदी ओलांडायला काही मिनिटेच पुरतात. आईंना गाडीतून उतरण्याचीही गरज पडणार नाही. तरी त्यांनी उतरून कठड्याशी उभे राहावे, कारण नदीच्या मध्यावरून मागे वळून पाहिले की जुन्या गोव्याची चर्चे माडांच्या गर्दीतून वर आलेली दिसतात.

बेटावर पाहण्यासारखे ठिकाण म्हटले की पहिले नाव पिएदादच्या टेकडीवरील चर्चचे घ्यावे लागते. आज दिसते ती वास्तू अठराव्या शतकाच्या सुरुवातीस पूर्ण झालेली आहे. गाडीचा रस्ता थेट वरच्या पटांगणापर्यंत जातो, त्यामुळे पायऱ्यांची चिंता नाही. चर्च नेहमी उघडे असेलच असे नाही. सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेनंतर, लगेच पोहोचल्यास आत जाता येण्याची शक्यता अधिक असते. आत नाहीच जाता आले तरी पटांगणावरून खाली पसरलेली खाजन, म्हणजे खारे पाणी बांधांनी अडवून राखलेली, शेते, त्यांपलीकडची नदी आणि समोरच्या तीरावरील सें कॅथेड्रल व सांत काएतानचे चर्च हे दृश्य पाहायला अर्धा तास सहज जातो. माझ्या मते जुने गोवे खुद्द जुन्या गोव्यापेक्षा येथूनच अधिक चांगले कळते, कारण नदीकाठी वसलेल्या त्या राजधानीचा पसारा केवढा असेल, याचा अंदाज तिच्या आत उभे राहून येत नाही.

चर्चला लागून असलेल्या दफनभूमीत एक लहान कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, आहे. बहुतेक लोक ते न पाहताच परततात, आणि आपण मात्र ते अवश्य पाहावे. त्याच्या छताचा कोरीव भाग पोर्तुगीजांपूर्वीच्या कदंब राजांच्या काळातील देवळाचा उरलेला अंश मानला जातो. दफनभूमी वापरात आहे, म्हणून आवाज न करता, शक्यतो तेथे कोणाला तरी विचारून आत जावे.

जुन्या घरांसाठी पिएदाद आणि मळार या वाड्यांतून पायी हिंडावे. रस्ते सपाट आहेत, रहदारी तुरळक आहे आणि घरांचे बलकांव, म्हणजे दारापुढचे बसायचे सोपे, शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या, कौलांच्या कडेला बसवलेले मातीचे कोंबडे हे सर्व रस्त्यावरूनच दिसते. एक विनंती मात्र कळकळीने करतो. ही घरे राहती आहेत. गेल्या काही वर्षांत गोव्यात अनेक ठिकाणी पाहुणे लोकांच्या पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढू लागले आणि रहिवाशांना पाट्या लावाव्या लागल्या. दिवाडीवर ती वेळ येऊ नये, असे येथे येणाऱ्या प्रत्येकाने पाहिले पाहिजे.

मुक्कामाबद्दल सांगायचे तर एक रात्र तरी बेटावर काढावी. पणजीच्या बाजूला नदीत तरंगणाऱ्या कॅसिनोंचा झगमगाट आहे, आणि येथे रात्री आठनंतर कुत्री आणि बेडूक सोडल्यास कोणी बोलत नाही. डिसेंबरात बेडूकही गप्प असतात.

रातबगळा

वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण पक्ष्यांसाठी दिवाडी की चोडण, या प्रश्नाचे उत्तर मी वेगळे देईन. पक्ष्यांच्या निमित्ताने नाव होते ते चोडणचे, कारण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे असून रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या धक्क्याला लागूनच आहे. आत खारफुटीच्या दाटीतून बांधलेली पायवाट जाते. ती सपाट असल्याने आपल्या मातोश्रींनाही काही अंतर चालता येईल. मात्र तेथे पक्ष्यांचे थवेच्या थवे दिसतील अशी अपेक्षा ठेवून गेलेले लोक निराश होऊन परततात, कारण खारफुटीत पक्षी ऐकू येतात अधिक आणि दिसतात कमी. तेथे खरी मौज असते ती ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाची. निवट्या मासे चिखलावर उड्या मारत असतात, एकच नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे ती हलवून एकमेकांना इशारे करत असतात, आणि खारफुटीची श्वसनमुळे चिखलातून शेकड्यांनी वर आलेली असतात. होडीतून आतल्या ओहोळांमध्ये जायचे असल्यास मात्र भरती लागते. म्हणजे पायवाटेसाठी ओहोटी आणि होडीसाठी भरती, हे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये.

दिवाडीवर अभयारण्य नाही, पण यजमानांकडे दुर्बीण असेल तर मी त्यांना दिवाडीच्याच शेतांमधून नेईन. रायबंदरच्या धक्क्यावरून बेटावर उतरल्यावर जो रस्ता आत जातो, तो दोन्ही बाजूंच्या खाजन जमिनींमधून जातो. येथे सर्व काही मोकळ्यावर असते, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्यासुद्धा शेकाटे, टिटव्या, पाणकावळे, वेगवेगळ्या आकारांचे बगळे, खंड्याच्या निरनिराळ्या जाती आणि वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार हे पक्षी दिसू शकतात. सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ उत्तम.

खाजन हा प्रकार नीट समजून घेतला तर त्या रस्त्यावरचा वेळ अधिक चांगला जाईल. नदीचे हे पाणी भरतीला खारट होते. ते शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी मातीचे आणि दगडांचे बांध घातले आणि त्यांत ठिकठिकाणी लाकडी दारांची मानस बसवली. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतले जादा पाणी ते ढकलून बाहेर जाते. पावसाळ्यात येथे कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात घेतले जाते, भाताचा हंगाम संपल्यावर पाणी आत घेऊन मासळी आणि कोळंबी धरली जाते, आणि मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलावही होतो. ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. बांधांची देखभाल मागे पडल्यामुळे कित्येक शेते आज खाऱ्या पाण्याखाली गेली आहेत. पक्ष्यांना ते मानवते, शेतकऱ्याला नाही. आपण ज्या पाणथळीकडे कौतुकाने पाहाल, ती कोणाची तरी बुडालेली शेती असू शकते.

वाटेत वेळ मिळाला तर करमळीचे तळेही पाहावे. ते बेटावर नाही. जुन्या गोव्याजवळ, करमळी रेल्वे स्थानकाच्या शेजारी आहे. कोकण रेल्वेचा मार्ग दिवाडीवरून जातो, पण बेटावर स्थानक नसल्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांना करमळीच जवळ पडते.

शके_१५९०

प्रश्नकर्त्या ताईंच्या आईंना देवळांची आवड आहे, आणि दिवाडीवर हिंडताना त्यांना पहिली शंका हीच येईल की एवढ्या जुन्या बेटावर जुने देऊळ एकही कसे नाही. याचे उत्तर मिळवण्यासाठी बेट सोडून पलीकडच्या तीरावर जावे लागते. दिवाडीची अर्धी प्रेक्षणीय स्थळे दिवाडीबाहेर आहेत, असे मी नेहमी म्हणतो, आणि म्हणूनच ज्या फेरीबोटीने आलात त्याच फेरीबोटीने परत जाऊ नये, असा माझा आग्रह असतो.

गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. त्याचे देऊळ या बेटाच्या नार्वे भागात होते. बहमनी स्वाऱ्यांत ते पडले, विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केले. लिंगाचा दगड पुढे विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी वापरला जात होता आणि भाविकांनी तो तेथून सोडवून नदीपार नेला, असे सांगतात. नदीपारच का, हे नकाशा पाहिला की लगेच उमगते. दिवाडी ज्यात येते ती तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, परंतु समोरचा डिचोली महाल त्यांच्या हाती यायला अठरावे शतक उजाडावे लागले. नदीच्या अरुंद पात्राच्या एका काठावर देवळे पाडली जात होती आणि दुसऱ्या काठावर पूजा चालू ठेवता येत होती. म्हणून आज नार्वे नावाची गावे दोन आहेत, एक बेटावर आणि एक डिचोली तालुक्यात, आणि दोहोंच्या मध्ये फेरीबोट चालते.

डिचोलीकडील नार्वे येथील देवळाच्या दारावर एक शिलालेख आहे. त्यानुसार शके १५९० च्या कार्तिक कृष्ण पंचमीला, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, श्रीशिवराजांच्या आज्ञेने या देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हुकमाने उभे राहिलेले देऊळ आणि तो हुकूम दगडात कोरलेला, हे महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाने पाहायचे नाही तर कोणी पाहायचे? देऊळ आकाराने लहान आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, घुमट, समोर दीपस्तंभ आणि आत पैलूदार धारालिंग असे त्याचे रूप असून राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. जीर्णोद्धारानंतर सगळे जरा जास्तच नवे आणि घासलेले दिसते, असे माझे मत आहे, पण शिलालेख जागच्या जागी आहे आणि तोच महत्त्वाचा.

बेटावरच्या नार्व्यात जुन्या देवस्थानाची पायऱ्यांची पुष्करिणी, कोटितीर्थ, आहे. आईंनी ती वरूनच पाहावी. तेथे भव्य असे काही नाही, आणि नदीपारचे देऊळ पाहिल्याशिवाय त्या तळीचा अर्थही पुरता लागत नाही. गोकुळाष्टमीला डिचोलीच्या बाजूला नदीकाठी स्नानासाठी लोक जमतात. त्या एका दिवशी मात्र शांतता शोधायला तेथे जाऊ नये.

दैवतांचे हे स्थलांतर सप्तकोटेश्वरापुरते नव्हते. खांडोळ्याचा महागणपती मूळचा दिवाडीचा, आणि माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. देवकीच्या कडेवर बालकृष्ण असलेली ही मूर्ती असून अशी देवळे फार थोडी आहेत. खांडोळे आणि माशेल ही गावे एकमेकांना लागून आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावरून नार्व्याला उतरून सप्तकोटेश्वर पाहावा, तेथून गाडीने माशेल-खांडोळे करावे आणि फोंड्याच्या किंवा जुन्या गोव्याच्या रस्त्याने परत यावे. या वाटेवर कोठेही मंगेशीसारखी गर्दी लागणार नाही.

जुवेकर

वरील तिन्ही मंडळींनी आमच्या बेटाचा उल्लेखही केला नाही, म्हणून लिहितो. मांडवीतील या बेटांच्या समूहात आमचे जुवे, म्हणजे सांत इस्तेव, आहे. येथे पुलावरून येता येते. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने या बेटावरील किल्ला घेतला, आणि गोवा शहर आता जाते की काय, या भीतीने पोर्तुगीज विजरईने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला. किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत, वर येशूचा पुतळा आहे आणि खाली नदीचा विस्तार दिसतो. पर्यटक म्हणून येथे क्वचितच कोणी येते. आमच्या बेटाची लांबलचक भेंडी गोव्यात प्रसिद्ध आहे. बाजारात दिसली तर घ्यावी, परंतु किंमत ऐकून दचकू नये.

रातबगळा

जुवेकरांचे म्हणणे योग्य आहे, मात्र किल्ल्यापर्यंतचा चढ पाहता मातोश्रींना तेथे नेण्याचा आग्रह मी धरणार नाही.

आडवाट_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सप्तकोटेश्वराची हकीकत आईला वाचून दाखवली आणि तिने लगेच, बाकी काही राहिले तरी चालेल, पण नार्वे चुकवायचे नाही, असे बजावले आहे. आम्ही आता ४ डिसेंबरला बेटावर येऊन एक रात्र राहण्याचे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. आम्ही शाकाहारी आहोत, तर बेटावर जेवणाची सोय होईल का? दुसरे म्हणजे, चोडणचे अभयारण्य आणि दिवाडी एकाच दिवशी जमेल का, की यजमानांना एकट्यानेच पहाटे चोडणला पाठवावे?

मांडवीकाठ

बेटावर खाण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी मासळीचाच स्वयंपाक असतो. त्यामुळे जेथे राहणार असाल तेथे आदल्या दिवशीच शाकाहारी जेवण सांगून ठेवावे. सांगितल्यास मुगागाठी, खतखते, सोलकढी असे घरगुती जेवण मिळू शकते. न सांगता गेल्यास पाव आणि चहावर भागवावे लागेल. पाव मात्र उत्तम मिळतो, कारण पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. दुपारी दोन ते चार या वेळेत दुकाने बंद असतात, तेव्हा आईंची औषधे आणि पिण्याचे पाणी सोबत असू द्यावे.

चोडणसाठी यजमानांना एकट्याने पाठवण्याची गरज नाही. दिवाडी आणि चोडण यांना जोडणारी थेट सोय धरून चालू नये. दिवाडीहून रायबंदरला उतरून तेथल्याच दुसऱ्या फेरीबोटीने चोडण गाठावे लागते. म्हणून ४ तारखेला पणजीहून निघाल्यावर आधी चोडण, तेथून रायबंदरला परत, आणि मग दिवाडी असा क्रम ठेवावा. सकाळच्या कामाच्या वेळी चोडणच्या फेरीबोटीला गाड्यांची रांग लागते, कारण बेटावरचे लोक त्याच वेळी पणजीला कामासाठी येत असतात. आपण उलट दिशेने जात असल्याने जाताना अडचण येणार नाही, येताना मात्र दहा वाजून गेल्यावरच निघावे.

शके_१५९०

मांडवीकाठ यांच्या क्रमात एकच भर घालतो. ५ तारखेला बेटावरून नार्व्याकडे निघताना शेवटच्या क्षणी धावपळ करू नये, कारण त्या मार्गावरील फेरीबोटींमधले अंतर जुन्या गोव्याच्या मार्गापेक्षा जास्त असू शकते. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच वेळ विचारून ठेवावी. देवळात दुपारची पूजा-आरती झाल्यावर गाभारा काही काळ बंद असतो, तेव्हा साडेदहापर्यंत पोहोचलात तर दर्शनही होईल आणि शिलालेख वाचायला पुरेसा उजेडही मिळेल. अक्षरे देवनागरी आहेत. आईंना चष्म्यासह ती स्वतः वाचता येतील.

तिसवाडीची_लेक

बोंदेरां या झेंड्यांच्या उत्सवाचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून पुढे कधी हा धागा वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां असते. वाड्यावाड्यांचे झेंडे, चित्ररथ आणि बांबूच्या फोताशींनी, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकींनी, फळे उडवणारी मुले यांनी बेट गजबजून जाते आणि फेरीबोटींना लांबच लांब रांगा लागतात. कार्निव्हालच्या दिवसांत मुखवटे घातलेले, कमरेला घंटा बांधलेले पोतेकार मुलांच्या मागे धावतात. दोन्ही सोहळे पाहण्यासारखे आहेत, मात्र शांततेच्या शोधात येणाऱ्यांनी त्या तारखा टाळाव्यात. ३ डिसेंबरचे फेस्त उलटल्यावर नाताळची लगबग सुरू होईपर्यंत जे दहा-बारा दिवस मिळतात, ते आमच्या बेटावर सर्वांत निवांत असतात. आडवाट ताईंनी ४ तारीख निवडली हे त्या दृष्टीने उत्तम झाले, पण शक्य असल्यास तो दिवस शनिवार-रविवारी येत नाही ना, एवढे दिनदर्शिकेत पाहून घ्यावे.